प्रशासकांची राजवट आणि सुशिक्षितांचे मौन

लातूर जिल्ह्याच्या अलीकडच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत बोलकी घटना कोणती, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर द्यावे लागेल की, जिची जिल्ह्याने फारशी दखलच घेतली नाही ती. मार्च २०२२ मध्ये राज्यातील पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली. त्यांत लातूरचीही होती. निवडणुका झाल्या नाहीत. जिल्हा परिषदेवर मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसले आणि चाकूर, अहमदपूर, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांच्या पंचायत समित्यांचा कारभार गटविकास अधिकाऱ्यांच्या हाती गेला. हे वर्ष-सहा महिन्यांचे प्रकरण नव्हते. तीन वर्षांहून अधिक काळ हे असेच चालले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला, तेव्हा कोठे चक्र हलले. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या आणि जिल्हा परिषदांची पाळी त्यानंतर आली.

ह्या तीन वर्षांत जिल्ह्यात किती मोर्चे निघाले? पिकविम्यासाठी निघाले, आरक्षणासाठी निघाले, पाण्यासाठी आणि भावासाठीही निघाले. ते सर्व रास्तच होते. परंतु 'आमची जिल्हा परिषद आम्हांला परत द्या' अशी मागणी घेऊन माणसे मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्याचे कोणाला आठवते काय? शाळेच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाला जोडणारा रस्ता, पिण्याच्या पाण्याची योजना हे सगळे ज्या संस्थेच्या हातात असते, ती संस्था लोकांच्या हातून निसटली आणि लोकांना तिची उणीवही भासली नाही. स्वातंत्र्य हिरावून घेतले जाते तेव्हा निदान आक्रोश तरी होतो. ते नकळत विरून जाते, तेव्हा मात्र त्या समाजाच्या सार्वजनिक शिक्षणाचीच तपासणी करणे भाग पडते.

निवडणुका लांबण्याला कारणे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निकालाने पेच निर्माण केला. पुढे सरकारे बदलली आणि त्यांच्याबरोबर प्रभागरचनेचे नियमही बदलत गेले. मागासवर्गीयांना स्थानिक संस्थांत न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे, ह्याविषयी समाजवादी विचाराच्या माणसाला शंका असण्याचे कारण नाही. पण वाटा कोणाचा, ह्याचा निर्णय होईपर्यंत सर्वांचाच वाटा एका अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. मुदत संपण्यापूर्वीच नव्या संस्थेची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचा २४३-ई हा अनुच्छेद स्वच्छ शब्दांत सांगतो. ह्या विलंबाला आर्थिक बाजूही आहे. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान लोकनियुक्त संस्थांनाच द्यावयाचे, अशी अट आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात महाराष्ट्राने ग्रामपंचायतींना ऐंशी टक्के, तर पंचायत समित्यांना व जिल्हा परिषदांना प्रत्येकी दहा टक्के असा वाटा ठरविला होता. त्यातील वरच्या दोन पायऱ्यांचा पैसा लोकप्रतिनिधी नाहीत म्हणून अडला. म्हणजे मताचा अधिकार थिजला आणि त्याच्यामागोमाग निधीही थिजला.

हे घडले ते अडाणी, निरक्षर मुलखात नव्हे. लातूर हे नाव महाराष्ट्रात आज शिक्षणाचे दुसरे नाव झाले आहे. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीमुळे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येथे येतात. भाड्याच्या खोल्या, खानावळी, अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग ह्यांच्यावर शहराचे अर्धे अर्थकारण उभे आहे. ह्या पॅटर्नची थट्टा करण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, ऊसतोड मजुराच्या, शिंप्या-न्हाव्याच्या घरातील मुले त्याच्या बळावर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचली. पुण्या-मुंबईची मक्तेदारी त्याने मोडली, ही सामाजिक न्यायाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. परंतु जो जिल्हा आपल्या मुलांना प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक सापळा ओळखण्यास शिकवितो, त्याच जिल्ह्यात आपल्या जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प कोणी मंजूर केला हे विचारणारा माणूस शोधावा लागतो. परीक्षार्थी घडविणे आणि नागरिक घडविणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा ह्यातून निघणारा पहिला बोध.

दुसरा बोध घेण्यासाठी मराठवाड्याला आपल्याच इतिहासाकडे वळावे लागेल. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ती भाषा परकीच होती. खाजगी शाळा काढायची तर परवानगी हवी आणि सार्वजनिक सभा घ्यायची तरीही परवानगी हवी. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे नाव जुन्या पिढीच्या कानांत त्यामुळेच कायमचे बसले. शिक्षणाचा प्रसार किती होता? १९५१ च्या जनगणनेत, म्हणजे निजामाची सत्ता गेल्यानंतरही, ह्या राज्यात शंभरात दहाच्या आसपासच माणसे साक्षर भरली. आज लातूर जिल्ह्यात शंभरापैकी पंचाहत्तरांहून अधिक माणसे साक्षर आहेत.

तरीही त्या दहा टक्क्यांच्या समाजाने काय केले? परवानगीच्या जाळ्यातून वाट काढीत त्याने स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचा, ना. म. जोशींसारख्या कामगार पुढाऱ्याच्या हाताखाली काम केलेला एक तरुण त्या शाळेत शिकवावयास आला आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले आणि तीनच वर्षांनी सत्याग्रहाच्या मार्गाने तुरुंगात गेले. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढचे लातुरात. शाळा, वाचनालये, व्याख्याने, व्यायामशाळा, गणेशोत्सव ह्या सर्वांची मिळून एक पाठशाळाच तयार झाली होती. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली. त्याच वर्षाअखेर 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पदवीपेक्षा काही अधिक मोलाचे असते, हे त्या मुलांना कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकविले होते?

ते शिक्षण पुस्तकापेक्षा व्यवहारातून आलेले होते. शाळेसाठी वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब चारचौघांपुढे मांडणे, वाचनालयात एका वर्तमानपत्राभोवती बसलेल्या दहा जणांना ते वाचून दाखविणे, सभेला परवानगी नाकारली तर दुसऱ्या रूपाने ती भरविणे, हेच त्या पिढीचे नागरिकशास्त्र होते. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते तोही त्या वर्तुळात बसून शिकत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले ते भारतीय सैन्याच्या कारवाईने, हे खरे. परंतु मुक्त होण्यास आतुर झालेला आणि मुक्तीनंतर राज्य चालविण्यास सिद्ध असलेला लोकसमाज सैन्य घडवू शकत नाही. तो ह्या शाळा-वाचनालयांनी घडविला होता.

स्वराज्य मागणाऱ्यांना सत्ताधारी नेहमीच एक प्रश्न विचारीत आले आहेत : तुमची पात्रता काय? इंग्रजांनी तो भारताला विचारला आणि निजामाच्या दरबारानेही आपल्या प्रजेला विचारला. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या अय्यंगार समितीच्या सुधारणांत जबाबदार राज्यपद्धती नव्हतीच. जहागीरदार, जमीनदार, पदवीधर अशा हितसंबंधांच्या गटांतून निवडलेल्या एका सल्लागारवजा विधिमंडळाची ती योजना होती. युरोपातील उदारमतवादही ह्या मोहातून पूर्णपणे सुटला नाही. स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल, पण १८६१ च्या आपल्या ग्रंथात त्याने शिकलेल्यांना एकाहून अधिक मते द्यावीत असा विचार मांडला. त्याच ग्रंथात मिलने दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे आणि ती अधिक टिकाऊ ठरली : सार्वजनिक कामात भाग घेतल्यानेच माणूस सार्वजनिक दृष्टीने विचार करू लागतो. त्याच्याआधी फ्रेंच विचारवंत तोकव्हिल १८३१ मध्ये अमेरिकेत हिंडून आला होता. तेथील लहान गावांच्या नगरसभा पाहून तोही ह्याच निष्कर्षाला आला, की स्वातंत्र्याचे धडे गिरविण्याची शाळा तीच. पोहणे शिकल्यावरच पाण्यात उतरावे हा जसा उपदेश, तसाच शिक्षण घेतल्यावरच स्वराज्य मागावे हा युक्तिवाद आहे.

ही पात्रतेची भाषा निजामाबरोबर गेली, असे समजण्याचे कारण नाही. हरयाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शालेय शिक्षणाची अट घातली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची थेट निवडणूक आली, तेव्हा १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला किमान सातवी उत्तीर्ण असण्याची अट लागली. वरकरणी ती सौम्य आणि शहाणपणाची दिसते. परंतु सातवीपूर्वी शाळा कोणाची सुटते? साखर कारखान्याच्या हंगामात आई-बापांबरोबर कोयता घेऊन जाणाऱ्या मुलाची सुटते. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या आणि लवकर लग्न लावून दिलेल्या मुलीची सुटते. तांड्यावरच्या, पालावरच्या पोरांची सुटते. राज्याने ज्यांना शिकविण्याचे आपले कर्तव्य बजावले नाही, त्यांनाच राज्य पुन्हा न शिकल्याबद्दल दंड करते. महात्मा फुले ह्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती सरकारचे देणे म्हणून केली होती. शिक्षण हा नागरिकाचा हक्क आहे. त्याचे कुंपण करून नागरिकालाच बाहेर ठेवणे हा त्या मागणीचा विपर्यास होय.

आता चाकूरकडे पाहावे. लोकसभेचे माजी अध्यक्ष शिवराज पाटील ह्या गावचे. त्यांच्या आडनावापुढे गावाचे नाव कायमचे लागले. लातूर नगरपालिकेच्या अध्यक्षपदावर काम केलेला हा माणूस १९९१ ते १९९६ लोकसभेच्या आसनावर होता. पंचायत राज्याची त्र्याहत्तरावी आणि नगरपालिकांची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लोकसभेने २२ डिसेंबर १९९२ रोजी संमत केली ती त्यांच्याच अध्यक्षतेच्या काळात. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पक्षाचे राजकारण समाजवाद्यांना मान्य नव्हते, तरी ज्या गावाने स्थानिक स्वराज्याला घटनात्मक स्थान देणाऱ्या सभागृहाला अध्यक्ष दिला, त्या गावात त्या स्वराज्याची अवस्था काय आहे हे तपासणे अनाठायी होणार नाही.

गेल्या दशकात तालुक्याच्या गावांना नगरपंचायती देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आणि चाकूरची ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत आली. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, मुख्याधिकारी, रस्त्यांसाठी आणि दिव्यांसाठी वाढीव निधी, ही बढतीच मानली गेली. ह्या बढतीत एक वस्तू मात्र हरवली आणि तिच्यासाठी कोणी हळहळले नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या गावात, कायद्याच्या दृष्टीने तरी, प्रत्येक प्रौढ मतदार हा त्या सभेचा सदस्य असतो. वर्षातून चार वेळा सरपंचाला गावापुढे उभे राहावे लागते. खर्चाचा तपशील, लाभार्थ्यांची यादी, पुढील वर्षाचा आराखडा सभेपुढे ठेवावा लागतो. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. नगरपंचायतीत मतदाराला असे आसन नाही. तो पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि पुढे प्रेक्षक होतो. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात आली खरी, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. चाकूरच्या नागरिकाला डांबरी रस्ता मिळाला असेल. त्या रस्त्याचा हिशेब विचारण्याची हक्काची जागा मात्र गेली.

आणि जेथे ग्रामसभा आहे तेथे तरी तिचे काय चालते? शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, ह्यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती, असा नियम आहे. ती पूर्ण झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ह्या एका फटीतून अनेक गावांत सारा कारभार चालतो. पहिली सभा माणसे नाहीत म्हणून तहकूब करावयाची, दुसऱ्या सभेत चार-दोन माणसांनी ठराव करावयाचे आणि सह्यांचे रजिस्टर नंतर घरोघर फिरवावयाचे. ह्यात कोणत्याही कायद्याचा उघड भंग होत नाही. भंग होतो तो लोकसमाजाचा. गावातील शिक्षक, पदवीधर, निवृत्त कर्मचारी सभेला जात नाहीत. 'तिथे भांडणेच होतात' असे ते म्हणतात. परंतु भांडण हा स्वराज्याचा रोग नव्हे. ज्या गावात हिशेबावरून भांडण होत नाही, त्या गावात हिशेब दाखविला जात नसावा असे खुशाल समजावे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सुशिक्षित लोकसमाज स्वातंत्र्याचे रक्षण करतो असे म्हणावे, तर १९७८ चे काय? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. त्या विरोधात महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि त्यांचे गुरुजी मागे नव्हते. ज्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढून ह्या विभागात उच्च शिक्षणाची दारे उघडली, त्यांच्याच नावाला शिकलेल्यांनी विरोध केला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तेव्हा पदवी ही समतेची हमी नाही, हे मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणाला सांगण्याची गरज नाही. म्हणूनच येथे सुशिक्षित म्हणजे पदवीधर असा अर्थ अभिप्रेत नाही. जो आपल्या हक्काबरोबर शेजाऱ्याचा हक्कही ओळखतो, सत्तेला प्रश्न विचारतो आणि उत्तर समजून घेण्याचे कष्ट करतो, तो सुशिक्षित. मुक्तिसंग्रामातील अक्षरशत्रू शेतकरी ह्या अर्थाने सुशिक्षित होता. दंगलीतील पदवीधर नव्हता.

असा समाज नसला की काय होते, ह्याचे आणखी एक उदाहरण मराठवाड्याच्या अनुशेषाचे आहे. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रातील तूट रुपयांत मांडली गेली. गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्यासारखी माणसे ते आकडे घेऊन गावोगाव बोलत होती. त्या लोकजागृतीच्या रेट्यामुळे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ह्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यानंतर मराठवाड्याच्या मागासलेपणावर भाषणे पुष्कळ झाली. परंतु आकडे हातात घेऊन बोलणारी पिढी विरळ झाली. मागणीचा आवाज जितका वाढला तितका तिचा पुरावा दुबळा झाला, आणि पुरावा नसलेली मागणी नाकारणे सरकारला फार सोपे असते.

डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली ती ह्याच जाणिवेतून. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब. आणि त्यांतील जिल्ह्याचा खांब सरकारी अधिकाऱ्याच्या नव्हे, तर लोकनियुक्त संस्थेच्या हाती. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा त्या खांबाची उभारणी होत असल्याचा भास झाला होता. तीन वर्षांच्या प्रशासकीय राजवटीने तो खांब किती पोकळ आहे हे दाखवून दिले. चार खांबांचे घर दोन खांबांवर तोलून धरता येते, असे मुंबईला आणि दिल्लीला एकदा पटले, की पुढच्या वेळी कारण शोधण्याचेही कष्ट घ्यावे लागणार नाहीत.

ह्या परिस्थितीत कार्यकर्त्यांनी काय करावे? नव्या घोषणेपेक्षा जुन्या सवयी परत आणण्याची गरज आहे. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आणि विकास आराखडा ही आज मागितल्यास मिळणारी कागदपत्रे आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागण्याचा हक्क दिला आहे. प्रत्येक तालुक्यात दहा गावे निवडून, गावातील वाचनालयात किंवा मारुतीच्या पारावर, ती ग्रामसभेच्या आठवडाभर आधी मोठ्याने वाचली गेली पाहिजेत. वाचणारा एक असला तरी चालेल. ऐकणारे पन्नास हवेत आणि त्यांत स्त्रिया हव्यात. पहिली ग्रामसभा तहकूब होऊ न देणे, एवढी एक प्रतिज्ञा वर्षभर पाळली तरी अनेक गावांचा कारभार बदलेल. चाकूरसारख्या नगरपंचायतीच्या गावांत प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागाची सभा दर तिमाहीला घ्यावी, अशी मागणी सह्या गोळा करून करावी. क्षेत्रसभेची तरतूद अमलात आणा, असा आग्रह सरकारकडे धरावा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली उभी राहिलेली खेड्यांतील ग्रंथालये तुटपुंज्या अनुदानावर कशीबशी तग धरून आहेत. ती केवळ स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका होऊ नयेत, ह्याची काळजीही चळवळीनेच घ्यावयाची आहे. आणि पुढच्या मुदतीअखेर निवडणुका लांबण्याचे चिन्ह दिसले, तर न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर माणसे बसलेली दिसली पाहिजेत.

ही कामे लहान वाटतील. हिप्परग्याची शाळाही लहानच होती. मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वज उभारून मुक्तिदिन साजरा करतो. तो दिवस राजाच्या हातून राज्य लोकांच्या हाती आल्याचा आहे. ते लोकांच्या हातून कारकुनाच्या हाती गेले, तर त्याची कोणत्याही पंचांगात नोंद होणार नाही आणि त्यासाठी कोणते सैन्यही येणार नाही. त्याची नोंद ठेवणारा आणि त्याचा जाब विचारणारा एकच असू शकतो, तो म्हणजे गावाच्या सभेत उभा राहून हिशेब मागणारा नागरिक. त्याला घडविणे हेच ह्या जिल्ह्यातील शिक्षणाचे राहून गेलेले काम आहे.